रविवारचा फोन

मोहोडबाबूंनी त्या दिवशी दारात चपला काढल्या नाहीत, तेव्हाच मी ओळखलं, हे चहाला आलेले नाहीत.

पाटबंधारे खात्याच्या उपविभागात ते कारकून होते. महिन्यातून एखादी चक्कर आमच्या क्वार्टरवर असायचीच. चपला उंबऱ्याबाहेर जोडून ठेवायचे, चहा घ्यायचे, माझ्या कल्याणीला "काय व, शाळेत जातं का नाही?" म्हणून चिडवायचे. त्या सोमवारी मात्र तसेच चपलांसकट आत आले, खाटेच्या काठावर टेकले आणि म्हणाले, "वहिनी, दार लोटून घ्या."

मी दार लोटलं. कल्याणीला मागच्या अंगणात पाठवलं.

"बाबू, कल्याणीच्या बाबाले मारलं-गिरलं तं नाही ना पोलिसायनं?"

"कोणी हात लावत नाही त्याले. साहेबांनी ठाण्यात शब्द टाकला आहे." मोहोडबाबूंनी रुमालानं मान पुसली. "साहेबांचा तुमच्यासाठीबी निरोप आहे. रविवारी तुमच्याकडे फोन आला नाही."

मला वाटलं, ते विचारतायत. "आला ना. म्याच उचलला."

"नाही आला, वहिनी. नीट ऐका. साहेबांनी फोन केला नाही, तुम्ही उचलला नाही. दिवाकरनं आपल्या मनानं दरवाजे उचलले. दुपारचं ऊन, माणसाचं ध्यान राहत नाही. भोंगा त्यानं वाजवला होता, पण वाडीवाले हटले नाहीत. टरबुजं गोळा करत बसले. एवढंच बोलायचं. मग ती चूक होते, गुन्हा होत नाही. साहेब वकील देतात, जामीन होते, चौकशी होते, अन् पुन्हा दिवाकर कामावर. क्वार्टर तुमच्याकडेच राहते."

"पण भोंगा तं दिवाळीपासून बंद हाये, बाबू."

 आणि त्याच वेळी धरणाच्या भिंतीवर भोंगा वाजला. इतका मोठ्यानं, की मांडणीवरची ताटं थरथरली आणि कल्याणी रडत आत धावली.

"पहाटेच माणूस येऊन गेला," मोहोडबाबू उठता उठता म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. "चालू आहे भोंगा. पहिल्यापासून चालू आहे."

माझा नवरा दिवाकर पाचघरे त्या धरणावर गेट ऑपरेटर होता. धरणाच्या भिंतीला लागूनच आमचं क्वार्टर. खात्याचा फोन आमच्याच घरात होता, कारण गेटच्या खोलीत ओल यायची. खाली नदी उन्हाळ्यात आटायची, आणि वळणावरच्या रेतीत भोई लोक टरबुजाच्या वाड्या लावायचे. पौषापासून त्यांची खोपटी तिथं उभी राहायची. वरून बघितलं की पांढऱ्या रेतीवर हिरवे पट्टे दिसायचे, आणि त्यात वाकलेल्या बाया. पाणी सोडायचं असलं की आदल्या दिवशी गावात दवंडी व्हायची. मग भोंगा. मग पाणी. इतकी वर्षं असंच चाललं होतं.

त्या रविवारी फोन वाजला तेव्हा मी भाकरी टाकत होते. पलीकडून उपअभियंता रत्नपारखी साहेब बोलत होते. आवाजावरून चिडलेले. शहराच्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या आणि वरून कोणीतरी त्यांना झापलं होतं, हे मला नंतर कळलं.

"दिवाकर कुठाय? त्याला सांग, तळाचे दोन दरवाजे उचल. आत्ताच्या आत्ता. दोन्ही."

"साहेब, खाली वाडीवाले हायेत."

"पाणी दिसलं की पळतात ते. जन्म गेलाय त्यांचा नदीत. तुला सांगितलं तेवढं कर."

फोन ठेवला गेला. मी हातावरचं पीठ तसंच घेऊन गेटच्या खोलीकडे पळाले.

वाडीवाल्यांपैकी नामदेव सुरजुसे त्या वेळी टरबुजं घेऊन बाजारात गेला होता. वाडीत त्याची बायको यमुना होती, म्हातारी आई होती आणि धाकटी पोरगी वैजू. तिघीही गेल्या. म्हातारी आणि यमुना दोन दिवसांनी सापडल्या. वैजू आणखी खाली, बाभळीच्या मुळांत अडकलेली सापडली.

*

आठवड्यानं कल्याणीच्या बाबांना जामीन मिळाला. साहेबांनी दिलेल्याच वकिलानं तो मिळवून दिला. त्याआधी एकदा ठाण्यात मला त्यांना भेटू दिलं होतं. गजांच्या पलीकडे ते उकिडवे बसले होते. दाढी वाढलेली. मी डबा आत सरकवला.

"मोहोडबाबू आले होते," मी म्हटलं.

"माहीत हाये. ते म्हणतात तसंच म्हण."

"आपल्या मनानं दरवाजे उचलले असं म्हणू? तुमच्याच गळ्यात फास टाकू? साहेबानं फोन केला, म्या ऐकला. साहेबाले म्या सांगतलंबी का वाडीवाले हायेत. हे सांगतलं तं तुम्ही सुटता."

ते एकदम पुढं आले. गज धरले. आवाज इतका खाली आणला, की मला कान लावावा लागला.

"तुह्या डोक्यात येऊन राहिलं का नाही? साहेबाले सांगतलं, मंग मले काय सांगतलं तू?"

मी दाराजवळच्या शिपायाकडे बघितलं.

"धावत आली, पिठाचे हात घेऊन. काय म्हणली?"

"म्हणलं, साहेब दोन दरवाजे उचलाले सांगते. अन् म्हणलं, खाली वाडीवाले हायेत."

"बस." त्यांनी गज सोडले. "मले माहीत होतं, हे तुह्याच तोंडातून निघन. साहेब गुतन तिथंच मीबी गुततो. त्याच्यापेक्षा मोहोडबाबूचं बरं. भोंगा वाजवला, ध्यान राह्यलं नाही. चुकलं. माणूस चुकते."

"पण भोंगा वाजवलाच नाही."

"बेबीनंदा," ते म्हणाले. मला नावानं ते क्वचितच हाक मारायचे. "पाया पडतो तुह्या. कल्याणी लहान हाये."

मी डबा तसाच ठेवून निघाले.  आतापर्यंत मला वाटत होतं की खरं एका बाजूला आहे आणि खोटं एका बाजूला, आणि माझा नवरा खऱ्याच्या बाजूला आहे.

*

नामदेव आला तो तेरवी झाल्यावर.

मी धुणं वाळत घालत होते. धरणाच्या चढावरून एक माणूस सायकल ढकलत येताना दिसला. डोकं भादरलेलं. जवळ आला तसा मी ओळखला आणि हातातलं लुगडं खाली पडलं. कल्याणीचे बाबा जामिनावर सुटून त्या वेळी घरातच होते. पाठच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे दिवसभर. मनात आलं, हाक मारावी. मग वाटलं, नको. हा माणूस काही करायला आला असेल तर ते समोर नसलेलेच बरे. मी कल्याणीला आत ढकललं आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

नामदेवनं सायकल लिंबाला टेकवली. अंगणात आला नाही. कुंपणाच्या तारेपाशीच उभा राहिला.

"बाई, तुम्ही पाचघऱ्याच्या घरच्या ना?"

"होय."

"घाबरू नोका. एक विचाराले आलो."

मी तारेपाशी गेले. तो माझ्याकडे न बघता धरणाच्या भिंतीकडे बघत होता.

"भोंगा वाजला होता का?" त्यानं विचारलं.

मी कुंपणाची तार धरली.

"साहेब लोक म्हणतात, वाजला. म्हणतात, वाडीवाले टरबुजाच्या लालचेनं बसून राह्यले. पेपरातबी तसंच आलं. माह्या सासऱ्यानं तेरवीत सगळ्यायसमोर मले विचारलं. म्हणे, तुह्या मालाच्या पायी माही पोरगी बसून राह्यली. आता मीबी रोज तेच घोकून राह्यलो. सकाळी जाता जाता म्या म्हणलं होतं तिले, पिकलेले तेवढे तोडून ठेवजो, संध्याकाळी व्यापारी येईन. मंग मले वाटते, तिनं भोंगा ऐकला असन. अन् माह्या बोलण्यापायी थांबली असन. म्हातारीले अन् पोरीले घेऊन थांबली असन." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "दुसरं मले काई नाही पाह्यजे बाई. एवढंच सांगा. तिनं ऐकला का?"

आत कल्याणी दाराशी खुडबुड करत होती. त्याच्या पलीकडे खाट करकरली. कल्याणीचे बाबा उठून बसले असावेत. ऐकत असावेत.

"नाही वाजला," मी म्हटलं. "दिवाळीपासून बंद होता तो. दुसऱ्या दिवशी दुरुस्त केला. यमुनाबाईनं काई ऐकलं नाही. ऐकाले काही नव्हतंच."

नामदेव खाली बसला. कुंपणाच्या खांबाला धरून, हळूहळू, म्हाताऱ्या माणसासारखा. तोंडावर दुपट्टा धरला. मी आत जाऊन पाणी आणलं. त्यानं घेतलं.

उठताना म्हणाला, "हे कोर्टात सांगाल काय?"

माझी नजर दाराकडे गेली. ती त्यानं पाहिली.

"राहू द्या," तो म्हणाला. "तुमच्याबी घरचा माणूस हाये. मी कोण सांगणारा." आणि सायकल घेऊन उतारावरून चालत गेला. बसला नाही सायकलवर.

मी आत गेले तेव्हा कल्याणीचे बाबा खाटेवर बसले होते. मला वाटलं, ओरडतील. पण ते म्हणाले, "एक दरवाजा उचलला होता म्या."

"काय?"

"आधी एकच उचलला. बटन दाबलं, अन् भिंतीवर पळालो. दुपट्टा हालवला. हाका मारल्या. तीन बाया दिसत होत्या. वाकल्या होत्या. वारा उलटा होता, त्यायले काई ऐकू नाही आलं." ते आपल्या हाताकडे बघत होते. "मंग मनात आलं, साहेब पुन्हा फोन करन. विचारन, दुसरा काऊन नाही उचलला? मागच्या वर्षी माह्या जोडीच्याले त्यानं अशाच कारणानं घरी बसवला. मी परत आलो, अन् दुसरा उचलला."

त्यानंतर ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या विषयावर मला सांगितलेलं तेवढंच.

*

नामदेवच्या बाजूनं खटला लढवायला तालुक्याच्या शालिनी गजभिये वकीलबाई पुढं आल्या होत्या. तरुण होत्या. काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून, पंखा नसलेल्या खोलीत बसायच्या. मी बाजाराचं निमित्त करून गेले. कल्याणीला बरोबर घेतलं होतं, कोणी पाहिलं तर दवाखान्यात नेतेय म्हणता यावं म्हणून.

सगळं सांगितलं. फोन सांगितला, भोंगा सांगितला. नवऱ्याला काय सांगितलं तेही सांगितलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"ताई, मी तुम्हाला फसवणार नाही," त्या म्हणाल्या. "कायदा कसा आहे ते आधी ऐका. तुमच्या नवऱ्यावर खटला भरायला कोणाला विचारावं लागत नाही. छोटा माणूस आहे. पण रत्नपारखी साहेब अधिकारी आहेत. त्यांच्यावर खटला भरायचा तर आधी सरकारची मंजुरी लागते. आणि ज्यांच्याकडे मंजुरी मागायची, ते त्यांचेच वरचे साहेब."

"म्हणजे साहेबावर काईच होत नाही?"

"आजच्या घडीला होत नाही. फोन झाला हे सांगणारं कोणीच नाही. साहेब नाही म्हणतात, तुमचा नवरा नाही म्हणतो. तुम्ही जबाब दिलात तर मंजुरीसाठी मी हायकोर्टापर्यंत भांडू शकते. तुम्ही नाही दिलात, तर एकटा दिवाकर पाचघरे चुकला, असं होऊन फाइल बंद होईल. थोडी शिक्षा होईल, कदाचित होणारही नाही. साहेब पुढल्या वर्षी बढतीवर जातील."

"अन् म्या जबाब दिला तं?"

"साहेब अडकतात. आणि तुमचा नवराही जास्त अडकतो. जबाबात तुम्ही फक्त फोनचं आणि भोंग्याचं सांगू शकता. पण पुढं कोर्टात साहेबांचा वकील तुम्हाला सोडणार नाही. तो नेमकं हेच विचारील, की नवऱ्याला काय सांगितलंत. तेव्हा तुम्ही काय कराल, ते मी तुम्हाला शिकवणार नाही. फक्त खोटं बोलायला मी सांगत नसते."

कल्याणी माझ्या मांडीवर पेंगुळली होती. मी म्हटलं, "मले विचार करू द्या."

"करा," त्या म्हणाल्या.

मी दारापर्यंत गेले. समोर रस्त्यावर टरबुजांची हातगाडी उभी होती. कापलेलं लाल फळ, त्यावर माश्या. विकणारा ओरडत होता. मी परत वळले आणि म्हटलं, "आत्ताच लिहून घ्या. घरी गेली तं माह्याकडून होणार नाही."

*

जबाब दिल्याचं दुसऱ्याच दिवशी सगळ्या खात्याला कळलं. मोहोडबाबू पुन्हा आले नाहीत. क्वार्टर रिकामं करायला सांगणारा शिपाई आला. आम्ही खैरघाटला माझ्या मामाच्या गोठ्यालगतच्या खोलीत राहायला गेलो. साहेबांनी दिलेला वकील गेला. कल्याणीचे बाबा माझ्याशी लागेल तेवढंच बोलायचे. मीठ दे. पोरीला ताप आहे. कोणी आलं होतं का? घरातून कधी निघून जा म्हटलं नाही, की कधी हात उगारला नाही. तसं काही केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. दारावर सायकल थांबली, की मी आधी कल्याणीला आत ओढायचे. मी रोजगाराला जायचे तिथं बाया माझ्याशी बोलता बोलता थांबायच्या. "नवऱ्याले खाणारी," असं एकीनं पाठीमागं म्हटलेलं मी ऐकलं.

मंजुरी दोनदा नाकारली गेली. गजभिये वकीलबाई हायकोर्टात गेल्या. पावसाळे आले, गेले. शेवटी मंजुरी आली आणि रत्नपारखी साहेब आणि दिवाकर पाचघरे एकाच खटल्यात, एकाच बाकावर बसले. साहेबांनी मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडली होती.

माझ्या साक्षीच्या दिवशी सकाळी कल्याणीचे बाबा अंघोळ करून तयार होते. मी पोळ्या बांधत होते.

"जे जबाबात हाये तेवढंच बोलजो," ते म्हणाले. कितीतरी महिन्यांत ते माझ्याशी एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. "मले सांगतलं का, असं विचारलं तं म्हण, आठवत नाही. आठवत नाही म्हणणं खोटं नसते."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

साहेबांनी नागपूरहून वकील आणला होता. गोरा, उंच, आवाज अगदी मऊ. त्यानं मला बाई म्हटलं नाही, ताई म्हटलं.

"ताई, आपला नवरा सुटावा असं तुम्हाला वाटतं ना?"

"वाटते."

"त्यात वावगं काहीच नाही. कुठल्याही बायकोला वाटेल. म्हणून तुम्ही साहेबांचं नाव घेता."

"फोन आला म्हणून घेते."

"फोन आला असं तुम्ही म्हणता. बरं. तुम्ही म्हणता, तुम्ही साहेबांना सांगितलं की खाली माणसं आहेत, आणि तरी साहेब म्हणाले, दरवाजे उचल. एवढी भयंकर गोष्ट ऐकून तुम्ही गेटच्या खोलीकडे पळत गेलात. बरोबर?"

"होय."

"मग नवऱ्याला सांगितलंत?"

मला तो विहिरीच्या काठापर्यंत घेऊन आला होता आणि आता बाजूला उभा होता.

"बघा," तो न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "सांगितलं असेल, तर या बाईंच्या नवऱ्यानं जाणूनबुजून माणसांच्या अंगावर पाणी सोडलं. आणि सांगितलं नसेल, तर असं काही बोलणं फोनवर झालंच नव्हतं. होतं कसं? माणसं मरणार हे माहीत असून कुठली बाई ते नवऱ्याला सांगणार नाही? बोला ताई. सांगितलंत, की नाही?"

कोर्टात टायपिस्टचं मशीन थांबलं होतं. गजभिये वकीलबाई टेबलाकडे बघत होत्या. मागच्या बाकावर नामदेव होता. मी कल्याणीच्या बाबांकडे बघितलं. मला वाटलं होतं, ते डोळ्यांनी काही सांगतील. पण ते खाली बघत होते. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवलेले, ते हात दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे.

आठवत नाही, हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. मी तोंड उघडलं.

"सांगतलं," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोला," न्यायाधीश म्हणाले.

"सांगतलं. म्हणलं, साहेब दोन दरवाजे उचलाले सांगते, अन् खाली वाडीवाले हायेत. दोघायलेबी माहीत होतं. साहेबाले माहीत होतं, यायलेबी माहीत होतं. यायनं साहेबाच्या भेवानं बटन दाबलं. साहेबानं कोणाच्या भेवानं सांगतलं ते मले माहीत नाही. भोंगा वाजला नाही. मरणारायची काही चुकी नव्हती."

नागपूरचा वकील क्षणभर तसाच उभा राहिला. त्यानं दोन्ही दारं बंद केली होती, आणि मी त्यातल्या एका दारातून सरळ चालत गेले होते. तसं होईल हे त्यानं धरलंच नव्हतं. त्यानं आणखी काही विचारलं, पण त्याचा आवाज आता मऊ राहिला नव्हता.

मधल्या सुट्टीत मी बाहेर पायरीवर बसले.  कल्याणीचे बाबा येऊन थोड्या अंतरावर बसले.

"पोळ्या आणल्या काय?" त्यांनी विचारलं.

मी डबा पुढं केला. त्यांनी अर्ध्या खाल्ल्या, अर्ध्या ठेवल्या आणि डबा माझ्याकडे सरकवला. 

*

निकालात न्यायाधीशांनी लिहिलं, की जी बाई आपल्याच नवऱ्याला अडचणीत आणणारं सांगते, तिनं साहेबांविरुद्ध खोटं बोलावं याला कारण दिसत नाही. रत्नपारखी साहेबांना दोन वर्षं, कल्याणीच्या बाबांना एक वर्ष. साहेबांना त्याच दिवशी जामीन झाला. ते अपिलात गेले. पुष्कळ वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, अपील फेटाळलं गेलं आणि ते आत गेले. थोडेच दिवस राहिले म्हणतात, तब्येतीचं कारण निघालं. पण गेले. आमच्या भागात तोवर कोणी साहेब पाण्यापायी आत गेला नव्हता. त्यानंतर धरणावर दवंडीशिवाय पाणी सुटत नाही, असं लोक सांगतात. खरं-खोटं मला बघायला जाववलं नाही.

निकालाच्या दिवशी नामदेवनं गजभिये वकीलबाईंना एकच विचारलं होतं, "यमुनेचं काय लिहिलं?" त्यांनी ती ओळ शोधून वाचून दाखवली. मृतांना कोणतीही सूचना मिळाली नव्हती, त्यांचा काहीही दोष नव्हता. त्यानं पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाला, "याची एक नक्कल द्या. तिच्या माहेरी वाचून दाखवाची हाये."

कल्याणीच्या बाबांनाही अपील करता आलं असतं. वकीलबाईंनी कागद तयार ठेवले होते. त्यांनी सही केली नाही. का नाही, ते मला सांगितलं नाही, आणि तेव्हा मला विचारायची छाती झाली नाही. ते तसेच पोलिसांबरोबर गाडीत बसले.

पहिल्या मुलाखतीला मी गेले, तर ते आलेच नाहीत. शिपाई म्हणाला, नको म्हणतो. दुसऱ्या वेळीही तसंच. मी दोन्ही वेळा जेलच्या भिंतीलगत बसून डबा कुत्र्यांना घातला आणि एसटीनं परत आले. तिसऱ्या वेळी जाऊ की नको, असं करत करत गेले, आणि जाळीपलीकडे ते येऊन उभे राहिले. डोक्याचे केस बारीक कापलेले. बारीक झाले होते, पण पाठ सरळ होती.

 शिपाई म्हणाला, बोला, वेळ जातेय.

"कल्याणी कशी हाये?" त्यांनी विचारलं.

"बरी हाये. शाळेत जाते."

"मी कुठं हाये म्हणून सांगतलं तिले?"

"जेलात हाये म्हणून."

"काऊन, तेबी सांगतलं?"

"सांगतलं."

"सगळं?"

"सगळं. दरवाजाचं. दुपट्ट्याचं. दुसऱ्या दरवाजाचंबी." मी जाळीजवळ सरकले. "कोणी शाळेत उलटंसुलटं सांगण्याआधी सांगून टाकलं. काय करत होती मी?"

त्यांनी जाळीवर हात ठेवला.  मला वाटलं, आता ते वळून आत जातील आणि पुन्हा कधी भेटणार नाहीत.

"बरं केलं," ते म्हणाले. "मले सांगता आलं नसतं."